आबांच्या फुप्फुसाची वाटणी

नांदेडकडच्या आमच्या गोरेगावात पारावर उशी घेऊन येणारा माणूस एकच, आमचे शेजारी नारायण आबा. उशी छातीशी घट्ट धरून ते मुद्दाम खोकतात आणि बसलेल्यांनाही खोकायला लावतात. "ऑपरेशननंतर असंच खोकायचं. टाक्याला धक्का बसत न्हाई. बराबर का न्हाई?"

आबांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. लवकर कळला म्हणून तेवढा भाग काढणार आहेत. दुसरा कुणी असता तर त्यानं अंथरूण धरलं असतं. आबांना ती सोय नाही. घरात दोघंच, आणि लकवा झालेल्या गयाकाकूंना रोज खाटेवरून उचलून अंगणात बसवायचं काम आबांचं. तेव्हा त्यांना लवकर उठून उभं राहणं भागच आहे, आणि त्या तयारीत त्यांचा उत्साह लगीनघराला लाजवील असा.

जन्मभर त्यांनी भावाभावांच्या शेतांच्या वाटण्या करून दिल्या. त्यामुळे फुप्फुसही त्यांना वावरच वाटतं. माझ्या खताच्या दुकानात येईल त्याला ते समजावतात, "उजवीकडं तीन वाटण्या, डावीकडं दोन. माझी उजवीकडची वरची नासली. धुऱ्यापासून, पार बांधापासून काढून टाकणार." नांदेडच्या डॉक्टरांनाही त्यांनी विचारलं होतं, रिकामी झालेली जागा कोणाच्या नावावर? उरलेले भाग फुगून ती जागा बरीचशी भरून काढतात, असं डॉक्टरांनी हसत सांगितलं. आबा खूश. मला म्हणाले, "भांडण न्हाई, मोजणी न्हाई. अशी वाटणी म्या जन्मात पाहिली न्हाई, बापू."

बिडी त्यांनी कॅन्सर कळला त्याच दिवशी सोडली. श्वास ओढून तीन चेंडू वर चढवायचं एक यंत्र मिळालं, तर त्यावर गावभर पैजा सुरू केल्या. तालमीतला पैलवान दोन चेंडूंवर अडकला. आबांनी त्याला आठवडाभर छळलं.

शेवटच्या तपासणीला मी सोबत होतो. ऑपरेशन होऊन घरी गेल्यावर काही आठवडे जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

"बायको उचलली तर चालंल का?"

डॉक्टरांना थट्टा वाटली. मी खुलासा केला, तरी त्यांनी मान नकारार्थीच हलवली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मला आणि माझ्या बायकोला बोलावलं. आजवर काकूंना त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. बायकोनं काकूंच्या काखेत हात घातला.

"तसं न्हाई, माय. पोतं हाय का ते? आधी हाक मारायची. तिचा हात आपल्या खांद्यावर ठेवायचा. मंग थांबायचं."

"काहून?" मी विचारलं.

"ती पदर सारखा करते. एका हातानं टाइम लागतो."

आम्ही थांबलो. काकूंनी सावकाश पदर सारखा केला, तेव्हा कुठं बायकोनं त्यांना उठवलं. आबा दोन्ही हात पुढं धरून उलट्या पावलांनी अंगणापर्यंत आले. काकू खुर्चीत टेकल्या आणि आमच्याकडं बघून हसल्या.

आबांनी मला बाजूला घेतलं. "म्या परत न्हाई आलो, तरी थांबत जा, बापू."

"व्हय," मी म्हणालो. "पदर सारखा होईस्तोवर."