माईंचा निबंध

माणसाने शब्द फिरवावा तरी किती! माईंचे धाकटे दीर, निवृत्त मास्तर, सोळा वर्षांपूर्वी आपल्या तोंडाने घर देऊन बसले होते. त्या शब्दावर माईंनी राहती खोली सोडली, या पडक्या घराचं छप्पर बदललं, भिंत पाडून स्वयंपाकघर वाढवलं. घर नवरीसारखं नटलं, आणि मास्तरांना ते विकायची सुरसुरी आली! कागदावर नाव त्यांचं. नोटीस आली : महिन्याभरात घर खाली करा.

"घर कसलं, त्यांची मान खाली करते!" माई गरजल्या.

कोर्टाचा जिना चढता चढता वकीलबाई घाईघाईने म्हणाल्या, "त्यांनी शब्द दिला, त्यावर विसंबून तुम्ही पदरमोड केलीत. आता कायद्याने त्यांना मागे फिरता येत नाही. पुढच्या तारखेला आपला सगळा भर याच विबंधावर!"

"निबंधावर?" माई पायरीवरच थबकल्या; वकीलबाई तोवर वर पोचल्या होत्या. चौथीत निबंधानेच त्यांची शाळा सोडवली होती. पण प्रश्न घराचा! चार दिवस माईंनी कुणाला चहासुद्धा विचारला नाही. वही आणि त्या!

तारखेला वकीलबाईंच्या आधी माईच उभ्या राहिल्या. "माझे घर," त्यांनी खणखणीत सुरुवात केली. "माझ्या घराला चार भिंती आहेत. त्यातली एक मी पाडली."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

"वाचू द्या आजींना," न्यायाधीश हसू दाबत म्हणाले.

समोर मास्तर तव्यावर बसवल्यासारखे चुळबुळत होते. "प्रस्तावना कुठाय? मुद्द्यांना क्रम नाही!" त्यांचा वकील मागून शर्ट ओढत होता.

"मी विचारलं, भावोजी, भिंत पाडू का? भावोजी म्हणाले, पाडा, घर तुमचं आहे."

"चूक!" मास्तर उसळले. छत्तीस वर्षांची खोड, ती वकिलाला काय आवरते! "दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं द्यायचं असतं! मी 'तुमचं' म्हणालोच नव्हतो! 'पाडा की वहिनी, घर आता तुमचंच आहे!' 'च' खाल्लात तुम्ही, 'च'!"

त्यांच्या वकिलाने आधी फाइल मिटली, मग डोळे.

"घ्या लिहून," न्यायाधीश लेखनिकाला म्हणाले. "'च'सकट."

घर माईंकडे राहिलं. निकालानंतर पायऱ्यांवर मास्तर खाली मान घालून उभे होते. माईंनी पदर सावरला, त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या,

"भावोजी, माणूस तुम्ही लबाड; पण व्याकरण तुमचं भारी इमानी हो!"