सुभेदार मेजर गौरीचा हुकूम

रोज सकाळी सहाला सुभेदार गणपतराव कदम आमच्या सोसायटीच्या अंगणात एका आठ वर्षांच्या मुलीला सॅल्यूट ठोकायचे. साधासुधा नाही. टाच आपटली की तिसऱ्या मजल्यावर माझ्या बशीतल्या चहाला लाट यायची आणि दिल्लीच्या पालम विमानतळावर उतरणारं विमान एक चक्कर जास्त मारायचं. खोटं वाटत असेल तर द्वारकेत कुणालाही विचारा. अर्थात तेव्हा द्वारकेत माणसं कमी आणि अर्धवट बांधलेले खांबच जास्त होते.

मुलगी म्हणजे त्यांची नात, गौरी. ऐन मे महिन्यात डोक्यावर माकडटोपी, कारण टोपीखाली केस नव्हते. रक्ताचा कॅन्सर. मुलगा सुरेश गुडगावच्या नव्या परदेशी कंपनीत. पगार मोठा, रजा चिमूटभर. सुनेच्या कडेवर तान्हं. म्हणून हॉस्पिटलची आघाडी गणपतरावांनी, म्हणजे सगळ्यांच्या आबांनी, सांभाळली.

"पोझिशन काय?" हा त्यांचा एकच प्रश्न. पाण्याच्या टँकरवाल्याला तोच, दूधवाल्याला तोच, आणि मोठ्या डॉक्टरांनाही तोच. डॉक्टर इंग्रजीत सांगू लागले की म्हणायचे, "वो छोडो साब. दुश्मन कहाँ तक आया, हम कहाँ तक पहुँचे, इतनाही बताओ."

औषधाच्या प्रत्येक फेरीनंतर गौरीला बढती मिळे. फौजेत प्रत्येकाची एक काळी पत्र्याची ट्रंक असते, तिच्यावर पांढऱ्या रंगात हुद्दा आणि नाव. तशी गौरीलाही होती. शिपाई खोडून लान्स नायक, ते खोडून नायक, असं करत करत दीड वर्षात ती सुभेदार मेजर झाली. म्हणजे आबांच्याही वर. "मला अठ्ठावीस वर्षांत जमलं नाही, बाबूसाहेब," ते मला छाती फुगवून सांगायचे. तेव्हापासून तो सॅल्यूट.

अखेर डॉक्टरांनी आजार गेल्याचं सांगितलं. मग एका संस्थेच्या मॅडम आल्या. अशा मुलांची एक इच्छा त्या पुरी करायच्या. गौरीला समुद्र बघायचा होता. विमानानं गोव्याला, सगळ्या घरासकट. मॅडमनी तिच्या गालावरून हात फिरवला. "बेचारी ने कितना सहा है."

आबा खुर्चीतून उठले. "मॅडमजी, बेचारा तो कॅन्सर था. हमारी पोती से पाला पड़ा."

मॅडमनी बिचाऱ्यांनी पेनचं टोपण उलटीकडून लावलं.

पुढं फॉर्म आला. आई, वडील, मूल, भावंड. आजोबांना रकानाच नव्हता. आबांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि मला म्हणाले, "बरोबरच आहे. टाकीचं पाणी कोण बघणार? हुकूम नाही तिथं फौजी जात नाही."

गौरी दारात उभी होती. "सुभेदार."

"जी, साब."

"सुई टोचताना माझा हात कोण धरत होतं?"

"ते ड्युटीत होतं, साब."

"मग ही पण ड्युटी. तुमचं नाव नसेल तर मी जाणार नाही. फॉर्म बदलून आणा. हुकूम आहे."

सुरेशनं समजावलं, आईनं डोळे वटारले. पोरगी हलली नाही. शेवटी आबा कडक इस्त्रीत, बिल्ले लावून संस्थेच्या कचेरीत गेले आणि मॅडमच्या टेबलासमोर सावधान उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात. काय बोलले ठाऊक नाही, पण तासाभरात त्यांचं नाव लिहून मिळालं. माझ्या मते टेबलच घाबरलं असावं.

निघायच्या दिवशी सुटकेस घ्या म्हटलं तर कुणी ऐकेना. ट्रंकच. माझ्या मारुतीच्या टपावर ती चढवली तेव्हा गाडी इतकी दबली की रस्त्यातल्या मुंग्या बाजूला झाल्या. पोचवायला आलेल्यांचं तिकीट काढून मीही त्यांच्याबरोबर विमानतळात शिरलो. सामान तपासणाऱ्या जवानानं ट्रंक उघडायला लावली.

वर गौरीचे फ्रॉक. खाली आबांची पदकांची डबी. जवानानं ती उघडली. आत पदकं नव्हती. लाल रिबन बांधलेली एक वेणी होती.

"ये क्या है, बाबाजी?"

"दुश्मन ले जाता, उससे पहले हमने खुद काट ली थी," आबा म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "सँभाल के रखी है. मालूम नहीं था ना, क्या होगा."

गौरीनं वेणीकडे पाहिलं. मग टोपी काढली. दोन बोटं वाढलेले केस, साळिंदरासारखे उभे.

"पोझिशन काय, सुभेदार?"

त्या दीड वर्षात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. ते सावधान उभे राहिले. सॅल्यूटला उचललेला हात डोळ्यांपाशीच अडकला.

सुभेदार मेजरनं थोडी वाट बघितली. मग डबी बंद करून फ्रॉकांखाली ठेवली, ट्रंकेचं झाकण लावलं आणि एका बाजूची कडी धरली.

"चला आबा," ती म्हणाली. "तुम्ही दुसरी कडी धरा."