पालकांनी समक्ष भेटावे

सकाळी सात चाळीसला, म्हणजे शाळा भरून चांगली दहा मिनिटं झाल्यावर, नववी ब मधली एक मुलगी धापा टाकत फाटकातून आत शिरली. पाठीवर दप्तर, खांद्याला खेळाची पिशवी आणि काखेत एक जाडजूड रजिस्टर. उशिरा येणाऱ्या मुलांची नावं लिहायचं रजिस्टर होतं ते. शिस्त समितीच्या प्रमुख, गणिताच्या बाई, ते घरीच विसरल्या होत्या. लेक दाराला कुलूप लावत असताना त्यांनी फोन केला, "कुठेतरी ठेवलंय, बघ जरा." ते 'कुठेतरी' इस्त्रीच्या कपड्यांखाली निघालं, तोवर लेकीची बस गेली.

"आण इकडे," बाई म्हणाल्या. रजिस्टर उघडलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, पेनाचं टोपण काढलं आणि पहिलं नाव लेकीचंच लिहिलं.

"आई, अगं!"

"शाळेत बाई म्हणायचं."

"बाई, अहो, मी तुमचंच रजिस्टर शोधत होते!"

"सबबी चालणार नाहीत."

गंमत अशी की त्या दिवशी तिच्या आधी अकरा मुलं उशिरा आली होती. नावं लिहायला रजिस्टरच नाही म्हणून ती सगळी सुखरूप वर्गात जाऊन बसली. सापडली कोण, तर जिने रजिस्टर आणून दिलं ती. पण बाई पडल्या नाकासमोर चालणाऱ्या. आपल्या लेकीला सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून त्या लेकीच्या बाबतीत जरा जास्तच सरळ चालायच्या. शाळेची एकेचाळीस कलमांची नियमावली त्यांनीच लिहिली होती, आणि ती लिहिताना उन्हाळ्याची अख्खी सुट्टी घालवली होती.

टोपण लावता लावता त्यांचं लक्ष मागच्या पानांवर गेलं. याच महिन्यात लेकीचं नाव आणखी दोनदा होतं. अक्षर खेळाच्या सरांचं. त्या दोन्ही दिवशी फाटकावर त्यांची पाळी होती.

"ही तिसरी वेळ?" बाईंचा आवाज जरा उतरला.

"हो, बाई."

तिसरी वेळ म्हणजे कलम सतरा. पालकांनी वर्गशिक्षकांना समक्ष भेटावे, दोघांनी एकमेकांसमोर रजिस्टरात सही करावी, तोवर विद्यार्थ्याला वर्गात बसता येणार नाही आणि शाळेच्या संघातून खेळता येणार नाही. आणि नेमक्या त्याच दिवशी साडेअकराला व्हॉलीबॉलच्या संघाची बस निघणार होती. उपांत्य सामना! पोरगी तीन महिने रोज संध्याकाळी हात सुजेपर्यंत सराव करत होती. तिच्याशिवाय संघ म्हणजे नुसती जाळी.

"काळजी करू नको," बाई म्हणाल्या. "नववी ब ची वर्गशिक्षिका मी आणि पालकही मीच. एका मिनिटाचं काम आहे." त्या ऑफिसात गेल्या आणि दोन्ही रकान्यांत सही ठोकून मोकळ्या झाल्या.

हेडक्लार्कने रजिस्टर डोळ्यांजवळ धरलं. आयुष्यभर इतरांच्या चुका शोधून त्याची मान कायमची एका बाजूला कलली होती.

"बाई, हे नाही चालायचं. कलम अठरा. दोन्ही सह्या एकाच हाताच्या दिसल्या तर नोंद रद्द."

"अहो, ते बापाची खोटी सही करणाऱ्या पोरांसाठी आहे!"

"तसं लिहिलेलं नाहीये त्यात. तुम्हीच लिहिलंय, मी आपला वाचतोय."

बाईंनी नवऱ्याला बोलवायचा विचार केला. पण तो कामानिमित्त परगावी, रविवारशिवाय येणार नाही. मग त्या थेट हेडसरांकडे गेल्या. हेडसर मूळचे दयाळू. वाद दिसला की ते खिडकीतली कुंडी जरा सरकवून ठेवत.

"मी सोडलं असतं हो तिला," कुंडी सरकवत ते म्हणाले. "पण गेल्या महिन्यात संस्थेच्या अध्यक्षांचा नातू दोन दिवस वर्गाबाहेर उभा होता. मी म्हणत होतो, जाऊ द्या. तुम्हीच म्हणालात, एकाला सोडलं तर सगळेच सुटतील. आता तुमच्या मुलीला सोडलं, तर अध्यक्ष मला सोडतील का?"

"मग पालक म्हणून मी अर्ज देते."

"द्या की. फक्त कामावर असलेल्या शिक्षकाने शाळेच्या वेळात पालक म्हणून वावरायचं नाही. कलम तेवीस." त्यांनी कुंडी पुन्हा पहिल्या जागी ठेवली. "अर्धी रजा टाका."

"रजा टाकली तर वर्गशिक्षिका गैरहजर! मग मी भेटू कुणाला?"

"ज्यांचा तास मोकळा असेल त्यांच्याकडे वर्गाचा चार्ज जातो. आज..." हेडसरांनी भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं. "चित्रकलेचे सर."

बाईंनी कपाळाला हात लावला. चित्रकलेचे सर त्यांचे जुने विद्यार्थी. दहावीला गणितात काठावर पास झालेले, आणि त्या वर्षातलं निम्मं गणित वर्गाबाहेर उभं राहून ऐकलेले. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण करता काय? बाईंनी रजेचा अर्ज खरडला आणि दहा पन्नासला त्या फाटकाबाहेर पडल्या. कारण पालकांची नोंद फाटकावर होते, आणि आत असलेल्या माणसाची आत येण्याची नोंद करता येत नाही, असं हेडक्लार्कचं म्हणणं पडलं.

फाटकाबाहेर पडून त्या वळल्या तोच वॉचमनमामांनी कडी लावली.

"मामा, उघडा."

"पालक का?"

"मामा! बारा वर्षं मला बघताय तुम्ही!"

"बाई असाल तर रजेवर आहात. पालक असाल तर वेळ अकराची." मामांनी बोर्डाकडे बोट दाखवलं. बोर्ड बाईंच्याच सुवाच्य अक्षरात होता. "ऊन लागत असेल तर स्टूल देऊ का?"

बाई दहा मिनिटं स्टुलावर बसून राहिल्या. गजांमधून पटांगण दिसत होतं. वर्गाबाहेरच्या पायरीवर लेक एकटीच बसली होती आणि खेळाच्या बुटांच्या नाड्या सोडत होती, बांधत होती, पुन्हा सोडत होती. इतकी वर्षं त्यांनी कितीतरी पोरांना त्या पायरीवर बसवलं होतं, पण फाटकाच्या या बाजूने ती पायरी त्यांनी कधी पाहिली नव्हती.

अकराला कडी निघाली. नववी ब च्या टेबलाशी, त्यांच्याच खुर्चीत, चित्रकलेचे सर बसले होते. बाईंना पाहताच बिचारे ताडकन उभे राहिले, मग आपण कोण आहोत हे आठवून पुन्हा बसले.

"या, बसा. म्हणजे, बसता का, बाई?"

"आवर रे लवकर! बस साडेअकराला आहे." बाईंनी जीभ चावली. "म्हणजे, आवरा, सर."

लेक बाजूला येऊन उभी राहिली. सरांनी पालकभेटीचा छापील फॉर्म पुढे ओढला. तोही बाईंनीच तयार केलेला. "तीन वेळा उशीर. कारण काय?"

"कारण विचारायची गरज नाही," बाई सवयीने म्हणाल्या. "रजिस्टरात तसा रकाना नाही."

"रजिस्टरात नाही, पण फॉर्मवर आहे. पालकांना विचारायचंय." सर लेकीकडे वळले. "सांग गं. पहिल्यांदा का उशीर झाला?"

लेक बुटांकडे बघत राहिली. "बाईंचा चष्मा घरी राहिला होता. त्यांचा फोन आला म्हणून परत वर गेले. बस चुकली. चष्मा मामांकडे दिला."

"आणि दुसऱ्यांदा?"

"कपाटाच्या किल्ल्या."

बाईंना आठवलं. मधल्या सुट्टीत मामांनी किल्ल्या आणून दिल्या, तेव्हा कसं वेळेवर काम झालं म्हणून त्या खूश झाल्या होत्या. किल्ल्या वेळेवर पोचल्या. आणणारी पोचली की नाही, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"घरी सांगायला लागले की तू म्हणतेस, शाळेचं शाळेत. शाळेत सांगायला लागले की म्हणतेस, सबबी नकोत. मग सांगू कुठे, बसस्टॉपवर?"

वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. एरवी बाईंनी नुसत्या नजरेने ते हसणं गिळायला लावलं असतं. आज त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून त्या चष्मा पुसत बसल्या. चुकलं होतं, सपशेल चुकलं होतं.

सरांनी घसा खाकरला. "पुढचा रकाना. 'खालील व्यक्तीस समज देण्यात आली.' इथे विद्यार्थ्याचं नाव लिहायचं असतं. पण, बाई, म्हणजे न्यायाने पाहिलं तर..."

"माझं लिहा."

"तुम्हाला समज? मी देऊ?"

"द्या, सर. लवकर द्या, अकरा वीस झाले."

चित्रकलेचे सर उभे राहिले. ज्या क्षणाची माणूस पंधरा वर्षं स्वप्नं पाहतो, तो समोर आला की नेमके शब्द सापडत नाहीत. "बाई," ते म्हणाले, "असं... असं करू नये हं." एवढं बोलून त्यांनी सही केली. बाईंनी पालकाच्या रकान्यात सही केली. दोन सह्या, दोन हात! लेक पिशवी उचलून बाणासारखी सुटली.

बाई तिच्या मागोमाग बसपाशी पोचल्या, तर तिथे खेळाचे सर डोकं धरून उभे. मुलींच्या संघाबरोबर एक महिला हवी, आणि ज्या येणार होत्या त्या विज्ञानाच्या बाईंना ताप भरलेला.

"तुम्ही चला ना!"

"मी रजेवर आहे."

"शिक्षिका म्हणून. पालक म्हणून तर मोकळ्या आहात?"

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. लेकीने तोंड बाहेर काढलं. "ये. पण बसमध्ये बाई व्हायचं नाही."

बाईंनी लेकीचा एकही सामना आजवर पाहिला नव्हता. सामने शाळेच्या वेळात असत आणि शाळेच्या वेळात त्या फाटकावर असत. मैदानावर त्या पहिली पाच मिनिटं मांडीवर हात ठेवून अगदी सभ्यपणे बसल्या. मग लेकीने एक चेंडू असा काही जमिनीलगत उचलला, की बाईंच्या तोंडून आरोळी निघाली. ती कुणाची, म्हणून त्यांनी स्वतःच मागे वळून पाहिलं. त्यानंतर त्या खाली बसल्याच नाहीत. शेजारी समोरच्या संघातल्या एका मुलीचे आजोबा बसले होते. त्यांनी आपली छत्री मुकाट्याने पलीकडे सरकवून घेतली.

शेवटचा सेट, दोन्हीकडे चौदा गुण. लेकीने उंच उडी मारून चेंडू पलीकडे आपटला. मुली नाचायला लागल्या, तेवढ्यात पंचांची शिट्टी वाजली. गुण समोरच्यांना.

"का?" बाई थेट रेषेपर्यंत धावल्या.

"जाळीला हात लागला."

"हात कुठे? नुसतं बोट लागलं असेल!"

"बोट असो की हात. नियम आहे, बाई."

"खड्ड्यात गेला तुमचा नियम!"

खेळाच्या सरांनी टोपी तोंडावर ओढून घेतली. पंच काही बोलणार, तोच लेक शांतपणे पुढे आली.

"सर, हात लागला होता माझा. गुण त्यांचाच आहे. पुढची सर्व्हिस होऊ द्या." मग आईकडे वळून म्हणाली, "तू बस बघू खाली."

बाई गुमान जागेवर येऊन बसल्या. शेजारचे आजोबा बराच वेळ त्या मुलीकडे कौतुकाने बघत होते.

"गुणाची आहे हो पोरगी," ते म्हणाले. "या वयात एवढी शिस्त! शाळेचं वळण असणार. घरचं म्हणावं, तर..."

त्यांनी एकवार बाईंकडे पाहिलं आणि सभ्य माणूस असल्यामुळे वाक्य तिथेच सोडून दिलं.