मापात शिवलेलं झाकण

पहिली कापणी मास्तरांनी रेडिओवर विश्वास ठेवून केली.

"पुढचे चार दिवस आकाश निरभ्र राहील," असं रेडिओवरची बाई म्हणाली, आणि तिचा आवाज इतका स्वच्छ होता की मास्तरांना शंका घ्यायचीही लाज वाटली. चाळीस वर्षं ज्या हातांनी कात्री चालवली, त्या हातांनी त्यांनी घरामागच्या तुकड्यातलं गवत विळ्यानं कापलं. तेही सरळ रेषेत, कडेला शिलाईपुरती जागा सोडून. दुपारपर्यंत ते उन्हात पसरून झालं. तिसऱ्या प्रहरी रेडिओवर गाणी लागली होती आणि मास्तर अंगणात छत्रीशिवाय उभे होते.

ते गवत आठ दिवस वाळत आणि भिजत, भिजत आणि वाळत राहिलं. नवव्या दिवशी ते काळं पडलं आणि खताच्या खड्ड्यात गेलं.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती, पण शिलाई मशीन पुढच्या खोलीत होतं आणि मोजपट्टी गळ्यात होती. बायकोला सगळी आळी 'ताई' म्हणायची, आणि कधीकधी मास्तरही चुकून म्हणायचे. दोघांना मूलबाळ नव्हतं. एक गाय होती. ताईंच्या वडिलांनी जाताना ती वासरू असताना ताईंच्या हाती दिली होती. आता ती उतारवयात गाभण राहिली होती, आणि हिवाळ्यात विणार होती.

ताईंचं व्रत त्या गाईपायीच होतं. गाय सुखरूप विते तोवर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत खोटं बोलायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण पहिल्याच आठवड्यात शेजारणीनं नवी साडी दाखवून "कशी दिसते?" असं विचारलं, आणि तेव्हापासून शेजारीण बोलत नव्हती.

खरी काळजी ताईंच्या धाकट्या भावाची होती. तो दूध डेअरीत साहेब होता. त्याचा स्वतःचा चाळीस गाईंचा गोठा, त्यात पंखे, गाईंच्या कानात नंबराचे बिल्ले. हिवाळाभर पुरेल एवढी वैरण यांच्याकडे साठत नाही, हे त्यानं गेल्या वर्षीच पाहिलं होतं.

"ताई, राग मानू नकोस," तो फोनवर म्हणाला होता, "पण बाबांची गाय आहे. गाभण जनावराला अर्धपोटी ठेवणार का तू? या वर्षी वैरण भरली नाही, तर मी तिला घेऊन जाणार."

"तिच्या कानात बिल्ला मारशील?" ताईंनी विचारलं.

"सगळ्यांच्याच मारतो."

ताईंनी फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन गाईच्या कानामागे बराच वेळ खाजवत बसल्या.

दुसऱ्या कापणीला मास्तरांनी रेडिओ कपाटात ठेवला आणि बेकरीवाल्याच्या गुडघ्यावर भरवसा टाकला. समोरचा बेकरीवाला अंगानं भक्कम होता आणि पाऊस येणार असला की त्याचा डावा गुडघा ठणकायचा, असं तो सांगे.

"काय म्हणतोय गुडघा?"

"गप्प आहे. बिनधास्त कापा, मास्तर."

मास्तरांनी कापलं. पाऊस आला. बेकरीवाला लंगडत आला आणि म्हणाला, "आत्ता बोलायला लागला बघा!"

या खेपेला मास्तर हरायला तयार नव्हते. त्यांनी ओलं गवत घरात घेतलं. दोऱ्या बांधल्या, मूठमूठ गवताच्या जुड्या करून चिमट्यांनी टांगल्या, पंखे लावले. पंख्यांनी गवत वाळलं नाही, उडालं मात्र सगळीकडे. भाताच्या पातेल्यात गवत, उशीच्या अभ्र्यात गवत, मास्तरांच्या चष्म्याच्या डबीत गवत. शेवटी त्यांनी इस्त्री तापवली.

"अहो, हे काय करताय?" ताई दारात उभ्या राहिल्या.

"वाफ निघाली की झालं. लोकरीच्या कोटाला मी हेच करायचो."

"कोट गाय खात नव्हती."

तीन तासांत टोपलीभर गवत कडक इस्त्रीचं झालं. मग धूर निघाला, मग वीज गेली, आणि वीज परत आली तेव्हा इस्त्री गेलेली होती. दुसऱ्या कापणीतून माळ्याचा एक कोपरा कसाबसा भरला. मास्तरांनी तो मोजला. साडेचार फूट बाय तीन.

"हिवाळ्याला किती लागेल?" त्यांनी विचारलं.

ताईंनी आभाळाकडे पाहिलं. ऊन होतं. खरंच बोलायला हवं होतं. "हे बारा दिवसांचं आहे," त्या हळूच म्हणाल्या.

तिसरी आणि शेवटची कापणी उरली होती. गवत कमरेएवढं वाढलेलं, पाती रसरशीत. मास्तरांनी या वेळी कुणालाच विचारलं नाही. सकाळी उठले, ऊन पाहिलं आणि बेकरीवाल्याला सोबत घेऊन दुपारपर्यंत सगळं कापून टाकलं. गवत जेमतेम कोमेजलं होतं, तोच पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. त्याच वेळी घरात फोन वाजला.

ताई फोन घेऊन परत आल्या. "भाऊ येतोय. डेअरीतून निघालाय. दोन तासांत इथे."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ओलं व्हायच्या बेतातलं एवढं गवत अंगणात पाहिलं, तर मेहुणा गाय आजच सोडणार. माळ्यावर न्यावं, तर बारा दिवसांचं वाळलेलंही यानं सडेल. ते अंगणभर गरगर फिरले आणि एकदम थांबले.

"टाकी!"

गोठ्याच्या मागे सिमेंटची जुनी टाकी होती. अर्धी जमिनीत, अर्धी वर, खुर्चीएवढ्या उंचीची. नळ आल्यापासून ती कोरडी पडली होती.

"त्यात लपवायचं?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"ठेवायचं," मास्तर ताईंकडे पाहत म्हणाले.

तिघांनी कवेत भरभरून गवत टाकीत टाकलं. निम्म्यातच टाकी भरली. मग बेकरीवाला आत उतरला आणि तुडवायला लागला. मोठ्या पराती भरून कणिक तुडवायची त्याला तरुणपणापासून सवय. तो तुडवी, हे दोघं टाकत. तो पुन्हा तुडवी. सगळं गवत आत मावलं, आणि बेकरीवाला पोटऱ्यांपर्यंत हिरवा होऊन बाहेर आला.

"आता वर ताडपत्री टाका आणि चला."

"टाका?" मास्तर दुखावले. "टाकायला ती काय चादर आहे? चार बोटं इकडे, सहा बोटं तिकडे लोंबणार! कुणीही ओळखेल काहीतरी झाकलंय म्हणून."

थेंब पडायला लागले होते. तरी मास्तरांनी मोजपट्टी काढून टाकीचा घेर घेतला, खडूनं खुणा केल्या, ताडपत्री कापली. आतून जाड प्लास्टिकचं अस्तर, कडेला दुहेरी टीप, टिपेवर मेण आणि घेरात आवळायला नाडी. आयुष्यात त्यांनी इतक्या वेगानं मशीन मारलं नव्हतं. झाकण टाकीवर असं बसलं, जसा नवरदेवाला कोट बसावा. हवा शिरायला सुईएवढीही जागा उरली नाही. वर त्यांनी जुनी गादी टाकली आणि कडेनं तुळशीपासून शेवंतीपर्यंत सगळ्या कुंड्या मांडल्या.

फाटक वाजलं.

"वा, भावजी!" भाऊ मागे येत म्हणाला. "बसायला छान केलंय की." पाऊस तेवढ्यापुरता ओसरला होता. तो सरळ टाकीवर बसला. तोही काही हलका नव्हता. खालून हलकासा फुस्स आवाज आला.

बेकरीवाला खोकला.

"गवत कुठंय, भावजी? शेत तर साफ दिसतंय."

"आहे," मास्तर म्हणाले. "आत."

"आत कुठे?"

मास्तर कुंड्यांकडे पाहायला लागले. भाऊ बहिणीकडे वळला. "ताई, तू सांग. तू खोटं बोलत नाहीस म्हणे हल्ली."

ढगांमागे सूर्य होता, पण होता. ताईंनी पदर सावरला. "इथंच आहे रे. तुझ्या अगदी जवळ."

भावानं मान वळवून गोठ्याकडे पाहिलं. "ऊन दिलंत?"

"थोडं दिलं."

"भिजलं नाही ना?"

"मोठा पाऊस लागला नाही. पुढेही लागणार नाही."

"वारा लागतो का पण? वारा नसेल तर बुरशी धरेल."

"वाराही लागत नाही," मास्तरांच्या तोंडून अभिमानानं निसटलं. "दुहेरी टीप आहे."

"कशाला?"

"पाव आणतो! गरम आहेत!" बेकरीवाला ओरडला आणि हिरव्या पायांनी धावत सुटला.

भाऊ चहा-पाव खाऊन तासभर टाकीवर बसला. उठताना म्हणाला, "मला काही खरं दिसत नाही हे. दीड महिन्यानं गाडी घेऊन येतो. वैरण दाखवा, नाहीतर गाय गाडीत. आणि बसण्याची जागा खरंच झकास आहे हं."

त्यानंतर बारा दिवस सलग पाऊस होता. तेराव्या दिवशी टाकी उघडायची ठरलं, पण मास्तरांचा धीर होईना. "उघडलं की दिसणार, सडलेलं. आणखी दोन दिवस नको बघायला," असं म्हणत त्यांनी दोनाचे तीस दिवस केले. ताई रोज सकाळी दिवा लावून हात जोडत, मग कुंड्यांना पाणी घालत. टाकीला मात्र हात लावत नसत. बेकरीवाला एकदा टाकीच्या तळाशी, पाणी निघायच्या, चिंध्यांनी बुजवलेल्या भोकाजवळ वाकला. "मास्तर, आंबट वास येतोय. कणकेला येतो तसा."

"नका सांगू," मास्तर म्हणाले आणि भोकात आणखी चिंध्या कोंबल्या.

ठरल्या दिवशी दुपार टळल्यावर भावाची पिकअप दारात उभी राहिली. मागच्या हौद्यात त्यानं भुसा पसरून आणला होता, गाईला घसरू नये म्हणून. ते पाहून ताईंना रागही धड येईना.

माळा पाहून भाऊ खाली उतरला. "ताई, हे पंधरा दिवसांचंसुद्धा नाही. बाकीचं कुठंय?"

मास्तरांनी डोळे मिटले.

"टाकीत," ताई म्हणाल्या.

"कुठल्या टाकीत?"

"ज्यावर तू बसला होतास."

कुंड्या बाजूला झाल्या. मास्तरांनी नाडी सोडली. झाकण निघालं आणि वास अंगणभर पसरला. आंबट खरा, पण त्यात एक गोडवा होता, पिकल्या फळाच्या टोपलीसारखा. गोठ्यातून दावं ताणल्याचा आवाज आला. मग खुंटा उपटल्याचा. गाय पोट सांभाळत, पण कुणालाही न जुमानता आली आणि मानेपर्यंत टाकीत शिरली.

"हं, गिऱ्हाईक आलं," बेकरीवाला पुटपुटला.

भावानं तिच्या तोंडाजवळून एक मूठ उचलली. दाबली. हुंगली. पुन्हा हुंगली.

"मुरघास," तो म्हणाला.

"म्हणजे वाईट का?" मास्तरांनी विचारलं.

"वाईट? अहो, हिरवा चारा दाबून, हवा बंद करून मुरवायचा! डेअरीत मी वर्षभर लोकांना हेच शिकवतो. सगळा हिवाळा निघेल तिचा यात." त्यानं झाकण उलटंपालटं करून पाहिलं. अस्तरावरून बोट फिरवलं. आवाज जरा उतरला. "माझे दोन खड्डे यंदा वाया गेले. ताडपत्री टाकली होती नुसती. कडेनं हवा शिरली." तो बहिणीकडे वळला. "ताई, खरं सांग. हे भावजींनी ठरवून केलं, की आपोआप झालं?"

मास्तर कुंडीतल्या शेवंतीची सुकलेली पानं खुडायला लागले. ताईंनी पश्चिमेकडे पाहिलं. समोरच्या छपरावर सूर्य अजून वीतभर होता.

"बस," त्या म्हणाल्या, "चहा टाकते."

"चहा नंतर. आधी सांग."

"आलं किसून टाकते."

त्या दिवशी ताईंच्या चहाला जितका वेळ लागला, तितका आयुष्यात कधी लागला नव्हता. आलं किसलं, साखरेचा डबा सापडेना, दूध उतू जाऊ नये म्हणून मंद आचेवर ठेवलं. छपराआड शेवटची कड बुडाली, तशी त्यांनी दिवा लावला, हात जोडले आणि कप घेऊन बाहेर आल्या.

"ठरवून," त्या शांतपणे म्हणाल्या. "महिनाभर विचार चालला होता यांचा."

भावानं कप घेतला आणि मास्तरांकडे प्रथमच वर मान करून पाहिलं. "भावजी, माझे चार खड्डे आहेत. मापं घ्यायला येता का? आत्ताच चला, सकाळी काम सुरू."

पिकअपच्या भुशावर शिलाई मशीन चढलं, ताडपत्र्यांची गुंडाळी चढली. मास्तर पुढे बसले आणि काचेतून खाली वाकून कुजबुजले, "अहो, तिथे त्यानं मला पुन्हा विचारलं तर?"

ताईंनी त्यांच्या गळ्यातली मोजपट्टी नीट केली. मागे गाय अजून टाकीतून मान काढत नव्हती.

"तुमचं कुठे व्रत आहे?" त्या म्हणाल्या.