शालूबाईंच्या भिंतीवरच्या काचा

दुसरबीडच्या शालूबाईंनी परसातल्या पेरूच्या रक्षणार्थ भिंतीच्या माथ्यावर फुटक्या काचा रोवल्या, याला बावीस वर्षं झाली. काचा घरच्याच होत्या. यजमान गोविंदराव संध्याकाळी बाटली रिकामी करत आणि शालूबाई सकाळी ती फोडत. तेव्हापासून त्या पेरूला परका हात लागला नव्हता.

बुलढाण्याच्या आमच्या समकालीन काचकला संग्राहक मंडळाच्या अध्यक्षा प्रेरणाताई यांची गाडी नेमकी या भिंतीपाशी पंक्चर झाली. मी मंडळाचा सचिव, त्यामुळे स्टेपनी बदलणं माझ्याकडे आलं. हिरव्या-तपकिरी-निळ्या काचांतून सकाळचं ऊन आरपार जात होतं. दृश्य सुंदर होतं, हे मी आजही नाकारत नाही.

"ही काच बोलते आहे," ताई म्हणाल्या.

"बोलत नाई ताई, कापते. हात नका लावू," शालूबाई आतून म्हणाल्या.

ताईंनी हात लावला. रक्ताचा थेंब 'रसिकाचा सहभाग' म्हणून नोंदवण्यात आला आणि तो कोणी पुसू नये, असा ठराव झाला.

मग सभासद येऊ लागले. संग्राहकाला नुसती काच चालत नाही, तिची पूर्वपीठिका लागते. त्यासाठी मी छापील नमुना केला होता.

"ही निळी कधीची?" आमच्या डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"पोरीच्या बारशाची. पाळना बांधायले मानूस शुद्धीवर नव्हता."

डॉक्टरसाहेबांचे डोळे पाणावले. निळी काच त्यांनी आपल्या नावे राखून ठेवली. शालूबाई भाकरी थापायला आत गेल्या.

हे पाहून गावातल्या चार घरांनी घाईघाईने बाटल्या फोडून आणल्या. 'या काचेत दुःख आढळत नाही' असा शेरा मारून मंडळाने त्या परत केल्या.

एवढी अस्सल कलाकृती उघड्यावर राहणं धोक्याचं होतं. ती अलगद काढून बुलढाण्याला न्यावी, असं ठरलं.

"मंग माह्या झाडाले कोन राखीन?" शालूबाईंनी विचारलं.

मंडळाच्या उद्दिष्टांत पेरू बसत नसल्याचं मी त्यांना लेखी कळवलं. दानपत्रावर गोविंदरावांनी सही केली. संध्याकाळची वेळ होती.

आता त्या काचा आमच्या दालनात कुलूपबंद कपाटात आहेत. त्या चोरीला जाऊ नयेत म्हणून दालनाच्या कंपाउंडवर आम्ही फुटक्या बाटल्या लावल्या.

आठ दिवसांनी आभारपत्र द्यायला मी दुसरबीडला गेलो. शालूबाई काठी घेऊन झाडाखाली बसल्या होत्या. वर नुसता पाला होता.

"बावीस वर्सं राखलं, साहेब. आठ दिवसांत सारं गेलं." त्यांनी पदरातून दोन पेरू काढले. "हे तुमी न्या. नाईतं हेही कोनी नेईन."

मला लाज वाटली. पेरू मी घेतले.

घरी बायकोने ते चिरून स्टीलच्या ताटलीत दिले. काचेच्या बश्या आहेत आमच्याकडे, लग्नात आलेल्या, शोकेसमध्ये. एखादा मोठा पाहुणा येईल म्हणून एकतीस वर्षं ठेवल्यात. हसू नका. तुमच्याही घरी असतील. किल्ली सापडली, तर एकदा उघडून बघा.