हललेल्या माणसांविषयीचा ठराव

माणूस हलतो, हा मानवजातीचा मूळ दोष आहे. बाकीचे दोष रिटचिंगमध्ये काढता येतात.

हे सत्य पेणच्या कमळाकरला लहानपणीच कळलं. तेव्हा तो गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. हजारो मूर्ती समोर बसल्या, एकीनेही पापणी लववली नाही. पुढे रामवाडीला फोटो स्टुडिओ काढला, आणि गिऱ्हाईक म्हणून माणसं आली. ती शिंकत.

म्हणून पेण-रोहा छायाचित्रकार मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष कमळाकर. ठराव असे :

एक. कॅमेरा स्टँडवरच लावावा.

दोन. (हा ठराव वाचून दाखवताना चिटणिसांना खोकला आला. सबब रद्द.)

तीन. भिंगातून मिशीचे केस मोजता न आल्यास फोटो हललेला समजावा. मिशी नसल्यास भुवया.

ठरावाने तालुक्याचं भलं झालं. वडखळच्या एका लग्नात स्टँडचा तिसरा पाय सापडेपर्यंत नवरा-नवरी हार उचलून उभी राहिली. मुहूर्त टळला, फोटो मात्र शार्प आला. (जोडपं पुढे सुखात नांदलं की नाही, याची मंडळाकडे नोंद नाही. भुवया स्पष्ट आहेत.)

विरोधक एकच. रोह्याचा सुलेमान. तो कॅमेरा हातात धरायचा, कोपर दाराच्या चौकटीला टेकवायचा, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. श्वास फोटो काढणाऱ्याने रोखायचा, ही कल्पनाच मंडळाला बेशिस्त वाटली.

आता अडचण.

कमळाकरची आई, बायजाबाई. जन्मभर मिठागरात मीठ ओढलेली बाई. तिचा एकही फोटो नव्हता. त्या वर्षी तिची छाती भरायला लागली आणि डॉक्टरांनी मान हलवली (तीही हललीच). भिंतीवर लावायला एक तरी शार्प फोटो हवा म्हणून कमळाकरने तिला स्टँडसमोर बसवलं.

"आये, हलू नको."

"मी काय गनपती हाय? त्यालापन अकराव्या दिसाला हलवतान."

एक रोल गेला. दुसरा गेला. बोलताना तिचे हात तिच्याआधी बोलत. तिसऱ्या ठरावानुसार दोन्ही रोल हललेले ठरले.

त्या दिवशी सुलेमान फोटो छापायचा कागद उसना न्यायला आला होता. बायजाबाई त्याला भरतीच्या पाण्यात वाहून गेलेल्या मुकादमाच्या धोतराची गोष्ट सांगत होती. त्याने चौकटीला कोपर टेकवलं.

फोटो मंडळापुढे आला. चेहरा बराचसा आहे, तोंड हसण्यात उघडं, हाताच्या जागी धूर.

"हात कुठंय?" कमळाकरने विचारलं.

"हाय की. धोतर दाखवतंय," सुलेमान म्हणाला. "जितं मानूस हाय, कमळाकरभाय. हलनारच."

फोटोमागे "नापास" लिहून अध्यक्षांनी सही केली.

पावसाळ्याच्या तोंडावर बायजाबाई गेली. रीतीप्रमाणे तिला खुर्चीत बसवलं, हार घातला, मागे चादर धरली. कमळाकरने स्टँड लावला. सवयीने म्हणाला, "आये, हलू नको."

आई हलली नाही.

त्याचे हात मात्र थरथरत होते. पण कॅमेरा स्टँडवर असल्याने फोटोवर काहीही परिणाम झाला नाही. स्टँडचा खरा फायदा हाच.

फोटोला मंडळाचं पहिलं पारितोषिक मिळालं. भुवयाच काय, सुरकुत्याही मोजता आल्या. वरश्याच्या सासरहून आलेली कमळाकरची बहीण पुतळी तो दाराशी उजेडात घेऊन गेली.

"ही कोन रं?"

कमळाकरने आतून नापास फोटो आणून दिला.

"व्हय, ही आये," पुतळी म्हणाली. "काय सांगतंय ती?"

भिंतीवर अर्थात पारितोषिकाचाच फोटो लागला. पाहुण्यांना शार्प दिसायला हवं.

ज्यांना मंडळ अतिरेकी वाटलं असेल, त्यांना सभासदत्वाचा अर्ज भरायची गरज नाही. हे वाचत असताना आतल्या खोलीतून कुणीतरी हातवारे करत काहीतरी सांगायला आलं होतं, आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "जरा गप्प बस." अर्ज मंजूर झाला आहे.