झेंडा वर असेल तर थांबा

सहलीला पठारावर दोन दिवस राहायचं, बारा माणसं, आणि वर संडास नाही, हे कळल्यावर आमच्या कारखान्यातल्या सगळ्यांची तोंडं उतरली. एकटा मी तेवढा चहाला फुंकर घालत बसलो होतो. "ती बाजू माझ्यावर सोडा," मी म्हणालो. कोणी आडकाठी केली नाही. करणार कोण? तंबूचं काम वेल्डरने मागून घेतलं होतं, चहापाण्याचं माझ्या बायकोने आणि बरोबर येणाऱ्या बायकांनी, आणि देखरेखीचं मॅनेजर मॅडमनी. उरलेलं काम मागायला मी एकटाच उभा होतो.

आमचा कारखाना पाण्याचे पंप बनवतो आणि मी तिथला स्टोअरकीपर. वीस वर्षं वॉशर-नट-बोल्ट जिथल्या तिथे ठेवले आहेत. बारा माणसांचं एवढंसं काय ते जिथल्या तिथे ठेवायला मला जमणार नाही?

वनरक्षकाची परवानगी लागत होती. ती आणायला मीच गेलो. माणूस किरकोळ अंगाचा, पण मिशीवर सरकारी शिक्का मारल्यासारखा.

"वर खड्डा खणायचा नाही," तो म्हणाला. "वरच्या तलावाचं पाणी खाली दोन वस्त्या पितात. जे वर तयार होईल ते खाली घेऊन जायचं."

"कचरा ना? नेऊ की."

"कचरा नाही. सगळं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. लघवीचं एक सोडा, ती तलावापासून दोनशे पावलं लांब करा. बाकी सगळं. मी सकाळी बघायला येणार."

मी घरी आलो आणि कामाला लागलो. झाकणाची बादली आणली. मोडक्या खुर्चीची बैठक मधोमध गोल कापून तिच्यावर बसवली. जाड पिशव्या, सुताराकडून पोतंभर भुसा, आणि शेवटी सगळं साठवायला घट्ट झाकणाचा निळा ड्रम. भोवती उभा करायला कपाटाएवढा उंच तंबू शिवून घेतला, त्याला आतून-बाहेरून लावता येणारी चेन. सगळं बैठकीच्या खोलीत मांडून मी स्वतः आत बसून पाहिलं.

"अहो," बाहेरून बायको म्हणाली, "शेजारच्या काकू आल्यात. काय सांगू, कुठे आहात म्हणून?"

"कामात आहे म्हण."

पण माझी खरी करामत होती ती झेंड्याची. तंबूशेजारी काठी, काठीला दोरी, दोरीला लाल फडकं. आत जाताना झेंडा वर, बाहेर येताना खाली. आत कोणी आहे का, हे विचारायला नको, खोकायला नको, चेन हलवून बघायला नको. लांबूनच कळावं. मला ते इतकं आवडलं की आमचे ड्राफ्ट्समन नाना यांच्याकडून मी त्याचं रीतसर चित्र काढून घेतलं.

नानांबद्दल सांगायला हवं. चौतीस वर्षं ते पंपांची चित्रं काढतायत. पेन्सिलीसारखा सरळ, बारीक, टोकदार माणूस. आणि भारी संकोची. कारखान्याच्या संडासाकडे जाताना त्यांना अजून कोणी पाहिलेलं नाही. ते जात असतील तर कुठल्या तरी चोरवाटेने जात असतील. माझ्या झेंड्याचं चित्र काढताना त्यांची पेन्सिल दोनदा थांबली.

"म्हणजे हा झेंडा सगळ्यांना दिसणार?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना. तीच तर खुबी आहे."

त्यांनी पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या बायकोने मला फोन केला. "भाऊजी, यांच्याकडे लक्ष ठेवा. मागे एकदा मोरीत चक्कर येऊन पडले होते. सांगत नाहीत काही, मुखदुर्बळ आहेत."

"वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा," मी म्हणालो.

पठार तासभर चढून गेल्यावर लागतं. वर गेलो तर तळहातासारखं सपाट. झाड नाही, झुडूप नाही, गुडघ्याएवढे चार खडक आणि मधे तलाव. खाली सगळा कातळ. खुंट्या फक्त एकाच जागी ठोकता आल्या, ती जागा सगळ्यांच्या तंबूंच्या बरोब्बर समोर. नाट्यगृहात रंगमंच असतो ना, तसा माझा संडास उभा राहिला.

दुपारी मी सगळ्यांना गोलात बसवून प्रात्यक्षिक दिलं. झेंडा वर, चेन बंद, काम, दोन ओंजळी भुसा, झाकण, झेंडा खाली. "आणि हे फक्त मोठ्या कामासाठी," मी बजावलं. "छोट्या कामाला लांब जायचं."

म्हणजे आता झेंडा वर गेला की अकरा माणसांना कळणार होतं, कोण गेलं, कशाला गेलं आणि किती वेळ लागला. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाकी सगळ्यांच्या आलं होतं.

त्या दिवशी झेंडा हललाच नाही. मी तासातासाने जाऊन बादली बघत होतो. कोरडी ठणठणीत. "अजून कोणाला गरज पडलेली दिसत नाही," मी बायकोला म्हणालो.

"पडलीय सगळ्यांना," ती म्हणाली. "तुम्ही असे दारात उभे राहिलात तर कोण जाईल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तंबूबाहेर डोकं काढलं आणि पाहतो तर काय, झेंडा वर! मला भरून आलं. कोणाचं तरी उद्घाटन झालं होतं.

माझ्यामागोमाग एकेक जण बाहेर आला. चहा झाला. चहा झाल्यावर पोटाने काय करायचं ते ठरलेलं असतं. सगळे सहज फिरतोय असं दाखवत माझ्या संडासाभोवती फिरू लागले. वेल्डरने उगाच दगड उचलून पाहिले. ऑफिसातले दोघे सूर्योदय बघायला उभे राहिले, तेही सूर्याकडे पाठ करून. मॅडम हात मागे बांधून येरझारा घालत होत्या आणि दर फेरीला त्यांची फेरी छोटी होत होती.

अर्धा तास गेला. झेंडा वरच.

"कोण आहे आत?" मॅडमनी शेवटी विचारलं.

मी डोकी मोजली. अकरा. नाना नव्हते.

नाना म्हटल्यावर सगळे दोन पावलं मागे सरले. त्यांना हाक मारायची कोणाची छाती होईना. चौतीस वर्षांत पहिल्यांदा माणूस सगळ्यांसमक्ष गेलाय, त्याला घाई कशी करायची? पाऊण तास झाला. वेल्डर एका पायावरून दुसऱ्या पायावर आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर असा झुलायला लागला. "भाऊ," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दुसरी बादली नाही आणली?"

"एक पुरते. हिशोब करून आणलीय."

"तुमच्या हिशोबात मी नव्हतो वाटतं."

एक तास झाला. मी लांबून हाक मारली, "नाना, सगळं ठीक आहे ना?" उत्तर नाही. नुसतं तंबूचं कापड फडफडलं. जवळ गेलो, पुन्हा हाक मारली. काही नाही.

बायको माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिचा चेहरा बदलला होता. "अहो, शुद्धीवर आहेत ना ते?"

मला फोनवरच्या वहिनी आठवल्या आणि पोटात गोळा आला. त्या गोळ्यावर आणखी गोळा मावेल एवढी तिथे जागा नव्हती, पण आला. मी चेन ओढली. दोन बोटं सरकली आणि कापडात अडकली. वर होईना, खाली होईना.

"आतून धरून ठेवलीय," मॅडम म्हणाल्या.

"नाही, त्यांच्या अंगाचा भार आलाय चेनवर," कोणीतरी म्हणालं, आणि मग कोणालाच धीर धरवेना. वेल्डरने खुंट्या उपटल्या. चौघांनी चार कोपरे धरले आणि तंबू घंटेसारखा वर उचलला.

पठारावर वारा असतो, हे मी हिशोबात घेतलं नव्हतं. तंबू आमच्या हातातून निसटला, दोन कोलांट्या खाऊन वर गेला आणि सावकाश जाऊन तलावात बसला. उघड्या पठारावर राहिली नुसती बादली आणि तिच्यावरची गोल कापलेली बैठक. तिच्यावर कोणीही नव्हतं. आम्ही अकरा जण देवाच्या मूर्तीभोवती उभं राहावं तसे तिच्याभोवती उभे होतो.

"काय झालं?" मागून आवाज आला.

नाना. हातात गरम पाण्याचा पेला, गळ्याला मफलर.

"तुम्ही कुठे होता?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तिकडे, पठाराच्या कडेखालच्या वाटेवर चालत होतो. मला सकाळी गरम पाणी पिऊन दोन मैल चालल्याशिवाय होत नाही."

"आणि झेंडा?"

नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "तो मी लावून ठेवला होता, चेनही बाहेरून ओढली होती. म्हटलं, वेळेला मोकळा मिळावा."

वेल्डर मटकन खाली बसला आणि लगेच उठला, कारण त्याला बसणं परवडणारं नव्हतं. नानांना कोणी काही बोललं नाही. बोलायला वेळच मिळाला नाही. वनरक्षक पठारावर पोचला होता आणि तलावाकडे बोट दाखवत होता.

"ते काय तरंगतंय?"

"आमचा संडास," मी म्हणालो.

त्याची मिशी हलली. "तलावात?"

"नाही नाही, वापरलेला नाही. नुसता तंबू आहे. अजून कोणीच वापरलेला नाही."

"काल दुपारपासून बारा माणसं वर आहेत आणि कोणीच वापरला नाही?" त्याने बादलीत डोकावून पाहिलं. मग एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "मग गेलात कुठे?"

"कुठेच नाही," मॅडम म्हणाल्या. दातांवर दात दाबून म्हणाल्या, पण त्या माणसाला ते अपराध्यासारखं वाटलं असावं.

"मला शिकवू नका. पंधरा वर्षं हेच बघतोय. सामान बांधा. आधी सगळे खडक तपासतो, मग खाली जाऊन तुमच्या कारखान्याच्या नावाने लिहितो." त्याने खिशातून वही काढली.

मॅडम समजावू लागल्या, मी हात जोडले. तो ऐकेना. वही उघडून त्याने तारीखही घातली. तेवढ्यात नानांनी पेला खाली ठेवला.

"थांबा," ते म्हणाले. "चूक माझी आहे. मी जातो. आत्ता. तुमच्यासमोर."

"नाना, तंबू नाहीये," मी म्हणालो.

"चादरी आहेत ना? धरा."

त्यांचे कान लाल झाले होते, आवाज मात्र स्थिर होता. चार चादरी आल्या. आठ जणांनी कोपरे धरून चौकोन केला आणि पाठी फिरवल्या. मॅडमनी एक कोपरा धरला. एक चादर आखूड पडत होती. वनरक्षक क्षणभर घुटमळला, मग त्याने वही खिशात टाकून तिचं टोक धरलं आणि हात लांबवून स्वतःही पाठ फिरवली.

शांतता पसरली. अशी शांतता मी बारावीच्या परीक्षेतही अनुभवली नव्हती. वेल्डरला काय वाटलं कोण जाणे, त्याने मोठ्याने गाणं सुरू केलं. त्याला चाल नव्हती की शब्द नव्हते, पण आम्ही सगळ्यांनी साथ दिली. मी समोरच्या डोंगराकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, नाना, होऊन जाऊ दे.

बऱ्याच वेळाने चौकोनातून आवाज आला.

"भुसा कुठे आहे?"

टाळ्या वाजवाव्यात असं सगळ्यांना वाटलं, पण हातात चादरी होत्या. वनरक्षकाने घसा खाकरला. "ठीक आहे," तो म्हणाला. "राहा. पण तो तंबू पाण्यातून काढा."

नाना बाहेर आले ते वेगळेच होऊन आले. मफलर सोडलेला, चेहरा सैल. त्यांनी मॅडमच्या हातातला कोपरा घेतला आणि म्हणाले, "जा तुम्ही. मी धरतो." चौतीस वर्षांत ते मॅडमशी चित्र सोडून दुसऱ्या विषयावर पहिल्यांदाच बोलले असतील. मॅडम गेल्या. त्यांच्यामागून वेल्डर गेला, आणि तो आत असताना त्याचं गाणं आम्हाला म्हणावं लागलं. वेल्डरचं आटोपलं, तसं बाकीचे म्हणाले आम्हाला नको, आता घाई नाही, बघू. नानांनी तंबू ओढून काढला, पण चेन कायमची गेली होती, आणि दार नसलेल्या तंबूकडे मग कोणी फिरकलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली उतरलो. ड्रम मी स्वतः पाठीवर बांधून आणला. गावाबाहेर मैलापाणी शुद्धीकरणाचं केंद्र आहे, तिथे तो रिकामा करायची मी आधीच बोलणी केली होती. बस दाराशी थांबली. तिथल्या कर्मचाऱ्याने ड्रम उचलला आणि चमकून माझ्याकडे पाहिलं.

"किती माणसांचं आहे हे?"

"बारा."

"किती दिवस?"

"दोन."

त्याने ड्रम हलवून पाहिला. "बरं आहे ना सगळ्यांचं?"

मी उत्तर द्यायला वळलो तर मागे कोणी नव्हतं. बस रिकामी. खिडकीत एकटे नाना पाय पसरून वर्तमानपत्र वाचत बसले होते. मॅडम आणि वेल्डर खाली टपरीपाशी आरामात चहा पीत होते. आणि उरलेले सगळेच्या सगळे, माझी बायको धरून, केंद्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या एकुलत्या एका संडासासमोर रांगेत उभे होते.

मी कर्मचाऱ्याच्या वहीत सही केली, रिकामा ड्रम बाजूला ठेवला आणि मुकाट्याने रांगेत शेवटी जाऊन उभा राहिलो. खरं सांगायचं तर, माझा स्वतःचा भुसा मी दोन दिवसांत एकदाही वापरला नव्हता.